दोन्ही सीलांची तोंडं आत

पिराजीमामा, तुम्ही गेलात त्याच्या पाचव्या दिवशी तुमच्या इंजिनानं पुन्हा दूध दिलं.

नावाडी मारोतीनं खालचा स्क्रू काढला, मी स्टीलचं ताट धरलं, आणि ताटात सायीसारखं पांढरट, फेसाळ ऑईल उतरलं. घाटावर दहा-बारा माणसं उभी होती. मारोतीनं माझ्याकडं बघितलं, मी ताटाकडं. गिअरबॉक्समध्ये नदीचं पाणी शिरलं की ऑईल दुधासारखं होतं, हे आता आपल्या घाटावर सगळ्यांना माहीत आहे. पाणी का शिरतं, हे मात्र तिथं एकट्या मला माहीत होतं. आणि मी गप्प राहिले.

लोक मला म्हणाले, मामांवर चार ओळी लिही, तुझी लेखणी चांगली आहे. मी चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या. 'त्यांच्या हाताला चूक माहीत नव्हती' अशी त्यातली पहिली ओळ होती. तुम्ही असता तर हसून खोकला लागला असता तुम्हाला. म्हणून परत लिहायला बसलेय, आणि या वेळी लोकांना नाही, तुम्हालाच सांगतेय.

तुम्हाला आठवतं, मी पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा तुम्ही मला उभंच ठेवलं होतं? समोर अर्धापूरच्या कुणाचा तरी केळीच्या बागेतला पंप उघडून पडला होता. मी उंच पुलाच्या मागणीचं पत्रक घेऊन आले होते. पाऊसकाळात नदी फुगली की खालचा पूल बुडतो, पल्याडची वस्ती तुटते, पोरं शाळेला मुकतात, दुखणाईत माणूस घरातच पडून राहतो. माझ्या पत्रकात हे सगळं होतं. तुम्ही हात पुसले, पत्रक वाचलं, उलटून मागची कोरी बाजू बघितली आणि म्हणालात, "कागद चांगला हाय. यात रिंगा गुंडाळून ठेवता येतील."

मला राग आला. यायचाच. आमच्या घरात मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. बाबा पत्रकं लिहायचे, मी घड्या घालायचे. 'जाहीर निषेध' हे मी सलग वाचलेलं पहिलं वाक्य. शाळेचा गृहपाठ मी उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर केला. आमच्याकडं कागदावर छापलेली गोष्ट म्हणजे दिलेला शब्द होता, आणि तुम्ही त्यात रिंगा बांधायला निघालात.

त्या दिवशीच तुम्ही मला ते इंजिन दाखवलं. कधीतरी पुरानंतर कुणीतरी गावाला दिलेलं, एकदा बोटीसकट बुडालेलं, मग शाळेच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांमागं गंजत पडलेलं. गाव त्याला डबडं म्हणायचं. तुम्ही ते दुकानात आणून डिझेलमध्ये बुडवून ठेवलं होतं, लोणचं मुरायला घालावं तसं.

मी म्हणाले, "मामा, हे चालू झालं ना, तर पूल दहा वर्षं होणार नाही. साहेब म्हणतील, बोट आहे की."

"मंग? पूल व्हस्तोवर लेकरायनं पोहत यावं का साळंत?"

"लढावं."

"लढू की, माय. दुपारून लढू. सकाळी साळा ऱ्हाती."

हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. आजही मला वाटतं मी बरोबर होते. तुम्हीही होतात. आता समोरून कुणी उत्तर देत नाही, त्यामुळं मी दोन्ही बाजूंनी भांडते आणि दोन्हीकडून हरते.

सगळा उन्हाळा मी तुमच्या दुकानात काढला. पुलाचं पत्रक लिहायला जागा बरी मिळायची. बाहेर लिंबाची सावली, आत तुमची किरकिर. गंजून अडकलेला पिस्टन सुटला तेव्हा तुम्ही मामीला हाक मारून गूळ आणायला लावलात. ओढून चालू करायच्या दोरीला तुम्ही मोटारसायकलच्या क्लचची वायर लावली. जुनं सील काढायला गेलात तर ते हातात भुगा होऊन आलं. पाण्यातला पंखा ज्या शाफ्टवर फिरतो, त्याच्याभोवती बसवायच्या रबराच्या दोन रिंगा, एवढंच ते सील. तो भुगा तळव्यावर घेऊन तुम्ही बराच वेळ बघत होतात. मग मला म्हणालात, "माय, तुझ्या फोनात ते इंग्रजी पुस्तक हाय ना इंजिनाचं? सीलाचं काय लिहिलंय बघ."

मामा, मला इथं थांबायचं नाही. पण आता नाही थांबले तर पुढचं सगळं खोटं होईल.

मी फोन उघडला. पान सापडलं. आकृती होती. त्याच वेळी माझ्या डोक्यात पत्रकाचं शेवटचं वाक्य जुळत होतं आणि ते निसटेल म्हणून मी घाईत होते. मी म्हणाले, "दोन सील बसवायची, एवढंच लिहिलंय."

तुम्ही विचारलंत, "तोंडं कुणीकडं?"

मी म्हणाले, "नेहमीसारखीच असणार, मामा."

नेहमीसारखीच. तुमचं नेहमीचं म्हणजे शेतातले पंप, ट्रॅक्टर, डिझेल इंजिन. तिथं सीलाचं तोंड, म्हणजे त्याची खोलगट बाजू, आत ऑईलकडं करतात. आतलं ऑईल बाहेर जाऊ नये, एवढीच काळजी. तुम्ही दोन्ही सील तशीच बसवली. सफाईनं, बोटानं ग्रीस लावून, लाकडाच्या ठोकळ्यावर हलके ठोके देत. इतक्या सुंदर हातानं कुणी चूक केलेली मी कधी पाहिली नाही.

इंजिन चालू झालं त्या दिवशी घाटावर नारळ फुटला. पल्याडची पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन बसली. मारोती, ज्याचा बाप वल्ह्यानं नाव चालवत गेला, तो इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवून असा बसला होता जणू लग्नाच्या घोड्यावर. आठ दिवसांनी स्क्रू काढला तर दूध. तुम्ही लातूरहून शिवअप्पांच्या दुकानातून नवीन सील मागवलं. बसवलं. परत दूध. आणि एक दिवस मधल्या धारेत गिअर रडायला लागला. तुम्ही बोटीतच होतात. इंजिन बंद केलं आणि म्हणालात, "मारोती, बापाचं वल्हं काढ." एक मास्तर, सात पोरं, एक म्हातारी. वल्ह्यावर काठाला लागायला पाऊण तास गेला. पोरांना मजा वाटली. मी काठावरून बघत होते. मला मजा वाटली नाही.

मला गुन्हेगार हवा होता, मामा. मला तो नेहमीच लवकर सापडतो. त्याच दिवशी मी लिहिलं: 'नकली सील, असली लूट. लातूरच्या व्यापाऱ्याला जाब विचारा.' खाली शिवअप्पांचं नाव, दुकानाची गल्ली. पाचशे प्रती. फोनवरून किती गेल्या ते देव जाणे. तुम्ही नको म्हणाला होतात. "तीस वर्षं त्याच्याकडून सील घेऊन राहिलो, एकदा फसवलं न्हाई त्यानं. थांब जरा, मला उघडून बघू दे." मी म्हणाले, व्यापारी पहिल्यांदा फसवतो तेव्हाही त्याच्यामागं तीस वर्षं असतातच. वाक्य चांगलं होतं. मला अजून पाठ आहे.

मग तुम्ही उघडून बघितलंत.

मला बोलावलं तेव्हा तुम्ही हसत होतात. समोर दोन वाट्या ठेवल्या होत्या, चहाच्या. दोन्ही एकाच बाजूला तोंड करून. "हे बघ, ही मी बसवलेली. दोन्हीची तोंडं आत. ऑईल बाहेर जात न्हाई. पण बाहेर नदी हाय की माय! तिला कोण अडवणार?" मग एक वाटी उलटी करून पाठीला पाठ लावलीत. "आसं पायजे. एक ऑईलकडं, एक नदीकडं. जल्मभर आतलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून बघत आलो. बाहेरून पाणी आत येतं, हे आपल्या मुलखात कोणाच्या ध्यानात येतंय? एवढं पाणी पाहिलंय कोणी?"

तुम्ही इतके हसलात की मामी बाहेर आल्या. आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणालात, "शिवअप्पाचं सील चांगलं हाय. आता दुसरं पत्रक काढ."

मी म्हणाले, "काढते. पण आत्ता नको. सोमवारी पुलाचा मोर्चा आहे. आत्ता आपणच चुकलो म्हटलं तर सगळे हसतील. खरं असलं तरी वेळ बघावी लागते."

मामा, हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून चिडत आले. नेत्यांच्या, साहेबांच्या, बाबांच्या त्या मित्रांच्या जे पुढं मोठे झाले. त्या दिवशी ते माझ्या तोंडातून इतकं सहज निघालं की मला त्याची चवसुद्धा लागली नाही.

तुम्ही वाट्या उचलून ठेवल्या. म्हणालात, "मंग सील बी आत्ता न्हाई. आधी कागद, मंग इंजिन. मी बी संप करून राहिलो."

"मामा, ही काय पद्धत झाली?"

"तूच शिकवली."

"मग तुम्हीच सांगा ना घाटावर. मारोतीला सांगा."

"मी सांगितलं तर गावात तू खोटी पडशील. तू सांगितलं तर खरी ठरशील. मी कामून सांगू?"

आणि पुढं ते वाक्य, जे तुम्ही पाना शोधत, माझ्याकडं पाठ करून बोललात: "तुझ्या पत्रकात चोर वर आसतो आन् तुझं नाव खाली. एकदा वर लिहून बघ."

तुम्हाला आठवत होतं का, मामा? उन्हाळ्यातली ती दुपार, 'तोंडं कुणीकडं' आणि 'नेहमीसारखीच'? मला आठवत होतं. तुम्ही वाट्या दाखवल्यात त्याच क्षणी आठवलं होतं, आणि मी ते मोर्चाच्या नावाखाली दाबलं. तुम्ही मात्र प्रत्येक वेळी "चूक माझी" म्हणालात. एकदाही "तू सांगितलं होतंस" म्हणाला नाहीत. विसरला होतात म्हणून, की मी स्वतः बोलेन याची वाट बघत होतात म्हणून? मी रोज या प्रश्नाभोवती फिरते. जेवताना, बसमध्ये, कपडे वाळत घालताना. विसरला असाल तर मी तुम्हाला फसवलं. आठवत असेल तर तुम्ही मला सांभाळलंत. दोन्हींतलं कुठलंच मला सहन होत नाही.

मोर्चाला तुम्ही आलात. सगळ्यात मागं, धोतराचा सोगा हातात धरून. घोषणा दिली नाहीत. परत येताना टेम्पोत म्हणालात, "तुझा आवाज लई मोठा हाय, माय. इंजिनाला आसता तर पंखा लागलाच नसता." सगळे हसले, मीही. उतरल्यावर हळूच विचारलंत, "आता?" मी म्हणाले, "निवेदनाला उत्तर येऊ द्या. आठ दिवस."

तुम्ही तीनच दिवस थांबलात. दुपारी, दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या. मामी चहा घेऊन आल्या तेव्हा तुम्ही भिंतीला टेकलेले होतात आणि समोर इंजिन उघडं होतं.

मग नदी पुन्हा चढली. पूल बुडाला. पाचव्या दिवशी मारोतीनं फळीवरचं नवीन सील घेतलं आणि म्हणाला, "मामानं बसवलं तसंच बसवतो. उलीसाबी फरक करणार न्हाई." त्यानं खरंच केला नाही. तुमचे ठोकेसुद्धा तसेच, हलके, ठोकळ्यावर. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिथं होते, हातभर अंतरावर. 'मारोती, उलटं कर एक' एवढं बोलायचं होतं. पाचव्या दिवशी, त्या माणसांसमोर, मामा चुकले होते असं म्हणायला जीभ उचलली नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मामांच्या मागोमाग माझं नाव आलं असतं.

तुमची चूक तुमच्या नावानं पुन्हा बसवली जाताना मी बघितली. संध्याकाळी दूध निघालं.

घरी जाऊन मी फोनातलं ते पान परत उघडलं. पळवाट शोधायला. आकृती पुसट असेल, बाण नीट दिसत नसेल. बाण स्वच्छ होते. एक आत, एक बाहेर. सातवीतल्या पोरीला कळले असते.

दुसऱ्या दिवशी मी मामींकडं गेले. सगळं सांगितलं, उन्हाळ्यातल्या दुपारसकट. कपाळ मोकळं करून त्या जात्याजवळ बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सीलाचं मला सांगितलं होतं त्यायनी. जेवताना वाट्या घेऊन बसले, वरण सांडलं माझं." आणि मग, "तुझं न्हाई सांगितलं." मी विचारलं, छापू का? मामा चुकले असं लोक वाचतील. मामी म्हणाल्या, "चुकले ते चुकले. त्यायला चुकायची लाज न्हवती. थांबायची होती. छाप."

मग लातूर. बसमध्ये मी माफीची वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य भाषणासारखं होत होतं. शिवअप्पांचं दुकान म्हणजे दोन माणसं मावतील एवढी जागा, बेअरिंग, पट्टे, सीलांचे डबे. कपाळाला भस्म, डोळ्यावर चष्मा. मी नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"बस. चा घेणार?"

"आधी मला बोलायचंय."

"इल्ला, आधी चा." उदगीरकडचे आहेत ते, नाही म्हणायचं झालं की कानडी येते. "चा पिताना माणूस खरं बोलतं."

मी सांगितलं. खाली मान घालून नाही. तुमच्याकडं बघून भांडायचे तशी, सरळ. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "पिराजीचा फोन आलता, जायच्या आदल्या दिवशी. काय बोलला न्हाई. हवापाणी विचारलं, दोन सील ठेव म्हणला. तीस वर्षांत त्यानं मला हवापाणी कवा विचारलं न्हवतं. तवाच मला कळलं, काहीतरी अडकलंय त्याच्या गळ्यात."

मग त्यांनी गल्ल्याखालून कागदांचा गठ्ठा काढला. माझीच पत्रकं. कुणीकुणी आणून दिलेली, भिंतीवरून काढलेली. त्यातलं एक घेऊन त्यांनी दोन सील गुंडाळली, दोरा बांधला आणि माझ्या हातात दिली.

"महिनाभर ह्यातच माल बांधून देऊन राहिलो," ते म्हणाले. "गिऱ्हाईक वाचतं, मग माझ्याकडं बघतं. काही परत येतात, काही न्हाई. तोंडी माफी मला नको, बाई. जेवढी तवा छापली तेवढीच आता छाप."

कागद चांगला आहे म्हणाले नाहीत. ते तुम्ही म्हणाला होतात.

मामा, परतीच्या बसमध्ये ती पुडी मी मांडीवर धरून बसले होते. दोऱ्याखाली माझंच वाक्य अर्धं दिसत होतं: 'जाब विचारा'. नांदेड येईपर्यंत मी ते वाचत होते.

सील मी मारोतीलाच बसवायला लावलं. दोन वाट्या घेऊन गेले होते, तुमच्याच. पाठीला पाठ लावून दाखवल्या. मारोती माझ्याकडं असा बघायला लागला जणू मी देवाची मूर्ती उलटी ठेवायला सांगतेय. "मामानं आसं न्हवतं केलं."

"माहीत आहे."

"मंग?"

"परवा कागद येतोय. वाच. तोवर एक उलटं बसव."

तो बडबडत राहिला, पण बसवलं. दोन दिवस बोट चालली. शाळा, बाजार, एक बाळंतीण माहेरी. तेरवीच्या सकाळी मी छापखान्यातून गठ्ठा घेऊन थेट घाटावर गेले. पाचशे. मारोतीनं एक उचललं. त्याचं वाचन सावकाश आहे, ओठ हलतात.

सगळ्यात वर, जिथं मी इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं लिहीत आले, तिथं माझं नाव आहे. मोठ्या टाईपात. खाली काय झालं ते सगळं आहे: शिवअप्पांचं सील चांगलं होतं, तुम्ही दोन्हींची तोंडं आत केली, मी वाचून नीट सांगितलं नाही, आणि कळल्यावर तीन आठवडे गप्प बसले. त्यातले शेवटचे काही दिवस माणसं दूध झालेल्या गिअरवर नदी ओलांडत होती, हेही आहे. पुलाची मागणीही आहे. ती मी सोडलेली नाही, सोडणारही नाही, दुपारून लढू.

अगदी खाली, जिथं 'आपली' लिहून सही येते, तिथं कोरी जागा राहिली.

"हितं नाव टाकायचं ऱ्हायलं काय?" मारोतीनं विचारलं.

"राहिलं नाही. वर टाकलंय."

त्यानं परत वर बघितलं. "म्हंजी मामाबी चुकले, आन् तूबी."

"हाव," मी म्हणाले. पुढं काही जोडलं नाही. जोडायला बरंच होतं.

मग त्यानं पत्रक गुडघ्यावर ठेवलं, स्क्रू काढला आणि ऑईलला बोट लावलं. मी ताट धरलं होतं, पण बघवत नव्हतं. मारोतीनं बोट वर उन्हात धरलं, फिरवून बघितलं, आणि पुसायला जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून त्या कोऱ्या जागेवर पुसलं.

पिवळा डाग पडला, मामा, दुधाचा थेंब नाही. कागद उन्हासमोर धरला तर आरपार दिसत होतं.